मांजरपाटावरची चौकट

आमच्या मुलीला बेसबॉलच्या फलंदाजीचा सराव करायला जागा हवी होती. हे घरात पहिल्यांदा निघालं तेव्हा मार्च संपत आला होता आणि मे महिन्यात निवड चाचणी होती. शहराच्या मुलींच्या संघात सोळा जागा असतात. मागच्या वर्षी ती चाचणीला गेली होती आणि यादीत तिचं नाव नव्हतं. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पुढचं वर्ष शेवटचं, म्हणजे अभ्यासाचं.

"या वर्षी नाही लागले तर बॅट देऊन टाकते कुणाला तरी," ती म्हणाली. आमटी वाढून घेता घेता म्हणाली, आवाज न बदलता. म्हणून मी ते खरं धरलं.

कॉलेजच्या संघाचा सराव आठवड्यातून दोन दिवस होतो. त्यात प्रत्येकीच्या वाट्याला दहा-बारा चेंडू येतात. बाकीचा वेळ क्षेत्ररक्षण, धावणं आणि मैदान रिकामं होण्याची वाट पाहणं. फलंदाजी वाढवायची तर बाहेर कुठेतरी सोय बघणं भाग होतं. मी वर्तमानपत्रात शहर-डेस्कवर काम करते, ड्युटी दुपारी तीनची. सकाळ मोकळी असते, म्हणून शोधाशोध माझ्याकडे आली.

क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला या खेळातल्या दोनच गोष्टी सांगाव्या लागतात. एक, चेंडू टप्पा न पडता येतो. दोन, फलंदाजाच्या मागे स्टंप नसतात. त्यांच्या जागी गुडघ्यापासून छातीपर्यंतची एक चौकट असते, पण ती कुठे आखलेली नसते. पंच ती डोळ्यांनी ठरवतो. चौकटीतून जाणारा चेंडू सोडला तर फलंदाजाचं नुकसान. चौकटीबाहेरचा सोडला तर गोलंदाजाचं. आणि बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून हुकली, तर पुन्हा फलंदाजाचंच. अशी तीन नुकसानं झाली की फलंदाज बाद. म्हणजे मारणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच सोडणं. हे मला आता नीट सांगता येतं. मार्चमध्ये येत नव्हतं.

पहिली जागा दादरला पाहिली. मैदानाच्या कडेला ओळीने जाळ्या लावलेल्या असतात आणि सकाळी सहापासून पांढऱ्या कपड्यांतली मुलं तिथे खेळत असतात. आम्ही ज्या जाळीपाशी उभ्या राहिलो तिथले प्रशिक्षक साठीचे होते, डोक्यावर गोल टोपी, गळ्यात शिट्टी.

"काय खेळते?" त्यांनी मला विचारलं.

"बेसबॉल," मुलीने उत्तर दिलं.

"मग इथे कशाला?"

"फलंदाजीच करायचीय, सर. वेगळी काही नाही."

त्यांनी तिच्या हातातली बॅट घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली. "हिला सपाट बाजूच नाही," ते म्हणाले, पण त्यांनी तिला जाळीत उभं केलं आणि स्वतः चेंडू टाकायला गेले. माणूस सभ्य होता. पहिले चारही चेंडू त्यांनी टप्पा पाडून टाकले.

"कोपर वर घे. चेंडू खाली ठेव. खाली."

"सर, मला हवेतच मारायचाय."

"हवेत मारलास तर कॅच जाईल."

"गेला तर गेला, सर."

सरांनी हातातला चेंडू तसाच धरून ठेवला. "गेला तर गेला?" शेजारच्या जाळीतल्या दोन मुलांनीही मान वळवली. या मैदानावर ते वाक्य बहुधा कुणी उच्चारलेलं नसावं.

निघताना सरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, मुलीचा हात चांगलाय. हे खूळ सोडायला सांगा. दोन वर्षं माझ्याकडे द्या."

तिच्याकडे दोन वर्षं नव्हती, सहा आठवडे होते. मी आभार मानले.

दुसरी जागा परळला. गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या गच्चीवर हिरवं कृत्रिम गवत अंथरलेलं आहे, त्याच्या एका टोकाला जाळीचा बंद पिंजरा आणि पिंजऱ्यात चेंडू फेकणारं यंत्र. दोन रबरी चाकं उलटसुलट फिरतात, मधून चेंडू सुटतो. यंत्रावर तिशीतला एक माणूस होता, एका कानात इअरफोन.

"कुठला लेंथ लावू?"

"फुलटॉस," मुलगी म्हणाली.

"एखाद-दुसरा ना?"

"सगळे."

त्याने कानातला इअरफोन काढला. "मॅडम, फुलटॉस आम्ही बर्थडे पार्टीला ठेवतो. पाच-सहा वर्षांची पोरं येतात ना, त्यांना."

"तेच लावा. फक्त स्पीड वाढवा."

"किती?"

"तुमच्याकडे आहे तेवढा."

"नक्की? लागलं-बिगलं तर जबाबदारी आमची नाय हां." त्याने यंत्राचं तोंड थोडं वर केलं, आणि पहिला चेंडू तिच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला. दुसरा कमरेजवळून. तिसरा तिने मारला. मग तो माणूस दुसऱ्या कानातलाही इअरफोन काढून बघत बसला.

आठवड्यातून तीन सकाळी, अर्धा अर्धा तास, असं आम्ही तीन आठवडे केलं. ठाकूरद्वारहून आम्ही साडेसहाची बस धरायचो. मी पिंजऱ्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोजायचे. पहिल्या दिवशी साठ चेंडूंपैकी एकवीस बॅटला नीट लागले. दुसऱ्या आठवड्यात चाळीस. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बावन्न. मी हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत होते आणि समाधानी होते. चढत जाणारा आकडा दिसला की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. डेस्कवर नवीन येणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

न विचारलेला प्रश्न असा होता, की साठ चेंडूंमधले तिने सोडले किती. उत्तर होतं, एकही नाही. यंत्र प्रत्येक चेंडू त्याच जागी टाकत होतं, कमरेच्या उंचीवर, अंगापासून हातभर लांब. सोडण्यासारखं काही येतच नव्हतं. आणि अर्ध्या तासासाठी पिंजरा घेतल्यावर कोण चेंडू सोडतो?

एप्रिलच्या मध्याला दुसऱ्या एका कॉलेजशी सरावाचा सामना झाला. तिला तीन वेळा संधी मिळाली आणि तिन्ही वेळा बॅट चेंडूला न लागताच ती बाद झाली. समोरची गोलंदाज काही विशेष वेगवान नव्हती. दोन चेंडू चौकटीतून येऊ द्यायची आणि तिसरा हातभर बाहेर टाकायची. आमची मुलगी त्या दोनांवर हुकायची आणि तिसऱ्यावरही बॅट फिरवायची. तिन्ही वेळा तेच घडलं.

घरी आल्यावर तिने बॅट दारामागे उभी केली. तिचे वडील सगळा वृत्तांत ऐकून म्हणाले, "आपल्या घरात आजवर कुणी चेंडू हवेत मारलेला नाही. वेळ लागणारच." ती हसली नाही. मागच्या वर्षीच्या चाचणीतही तिने पंधराच्या पंधरा चेंडूंवर बॅट फिरवली होती, हे तिने मला तेव्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघी लालबागला माझ्या वडिलांकडे जेवायला गेलो.

माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी वाढले त्याच चाळीत, तळमजल्यावरच्या त्याच खोलीत ते राहतात. गिरणीत असताना ते गिरणीच्या क्रिकेट संघात होते. फलंदाजी बेताची, गोलंदाजी नाही. संघात त्यांची जागा होती ती त्यांच्या हातासाठी. कव्हरला उभं राहायचं, चेंडू अडवायचा आणि एका स्टंपावर नेम धरून फेकायचा. चाळीतली माझ्या वयाची माणसं अजून तो हात आठवतात.

नातीने त्यांना सगळं सांगितलं. ते कोलंबीचं डोकं सोलत ऐकत होते.

"मशीन बॉल टाकता कसो?" त्यांनी विचारलं.

"दोन चाकं असतात, आजोबा. मधून सुटतो."

"आणि हात?"

"हात कुठला असणार?"

"मगे तू बघतंस खंय?"

तिने जरा विचार केला. "भोकाकडे."

"भोक काय सांगता तुका? हयसून येतलो, हयसूनच येतलो. माणसाचो हात बघूक व्हयो, बाय. बॉल सुटायच्या आधी हात सांगता." त्यांनी कोलंबी ताटात ठेवली. "मी रनआऊट करूचंय तेव्हा बॅट्समन माझो हात बघून परत फिरा. शाणो असलो तर."

त्या दुपारी तिसरी जागा ठरली. चाळीच्या दोन इमारतींच्या मध्ये फरसबंद चौक आहे. मंडळाच्या अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धांसाठी तो वरून आणि चारही बाजूंनी बांधायला एक मोठी जाळी आहे, ती जिन्याखालच्या खोलीत पडून असते. मंडळाची काही हरकत नव्हती. अडचण होती ती मिरच्यांची.

एप्रिल-मेमध्ये तो चौक मिरच्यांचा असतो. वडिलांच्या शेजारच्या खोलीतल्या मावशी मालवणी मसाला करून देतात. वर्षभराच्या ऑर्डरी या दोन महिन्यांत असतात. लवंगी, बेडगी, काश्मिरी, सगळ्या मिरच्या चौकात ऊन खातात आणि मग डंकावर कुटायला जातात. माझ्या लग्नाआधीपासून हे असंच चालू आहे. मावशींना विचारल्याशिवाय त्या दोन महिन्यांत चौकातून सायकलही जात नाही.

मावशींनी अट घातली. "ऊन चौकात उतरता साडेआठाक. आठ वाजता माका चौक झाडलेलो व्हयो. एक बॉल जरी मिरच्येत इलो तर तो बॉल मसाल्यात जातलो."

"चालेल, मावशी," मुलगी म्हणाली.

"आणि ती टणटण करणारी बॅट नको. वरचो म्हातारो आठपर्यंत निजता."

अ‍ॅल्युमिनियमची बॅट घरी राहिली, कॉलेजातून लाकडी आणली. चेंडू टेनिसचे. तरी मागच्या भिंतीवर चेंडू आपटण्याचा आवाज राहिलाच, म्हणून जाड कापडाचा पडदा लावायचं ठरलं. मी हिंदमाताला जाऊन मांजरपाट आणलं. दुकानदाराने साड्यांच्या ढिगामागून विचारलं, "घरात लग्न आहे का, ताई? पाहुण्यांच्या गाद्यांना?"

"नाही. चेंडू अडवायला."

"मग डबल घ्या," तो म्हणाला आणि दुसरं काही न विचारता कापड मोजायला लागला.

पडद्यावर चौकट मावशींनी शिवून दिली. त्यांच्याकडे पायाचं मशीन आहे. मुलीने स्वतःच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत माप घेतलं, रुंदी ठरलेली असते ती सांगितली, आणि मावशींनी लाल दोऱ्याच्या चार ओळी घालून आयत काढला. पांढरट कापडावर तो लांबूनही दिसायचा. शिवता शिवता त्यांनी विचारलं, "मगे ह्या कापडाचा काय करतलंस?"

"चाचणी झाली की काही नाही."

"माझा वाळवणाचा जुना कापड फाटला. तू टीममदी लागलंस तर ह्या माझा. नाय लागलंस तर घडी करून ठेव, पुढल्या वर्षाक लागतला."

"पुढच्या वर्षी नाही खेळणार मी."

"मगे लाग," मावशी म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

पडदा वडिलांनी बांधला. दोन दिवस त्यावर सराव झाला. तिसऱ्या दिवशी मी मेजर टेप घेऊन गेले. बातमीत अंतर आलं की ते पुन्हा मोजायची सवय मला आहे. चौकटीची खालची कड जमिनीला टेकलेली निघाली, म्हणजे मुलगी दोन दिवस घोट्यापासून कमरेपर्यंतच्या चेंडूंचा सराव करत होती.

"बाबा, हे खाली का बांधलंत?"

"खाली म्हणजे? स्टंप कधी हवेत बघितलंस?"

"हे स्टंप नाहीत, आजोबा," मुलगी म्हणाली. पण ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं. चौकट दिसली, तिच्यामागे भिंत, भिंतीच्या पायथ्याशी फरशी. या चाळीत भिंतीवर कोळशाने स्टंप काढतात, आणि ते नेहमी फरशीपासूनच निघतात. तिघांपैकी कुणालाच त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. मावशींनी तर कापड टांगताना खालची कड सरळ धरून दिली होती. आम्ही पडदा दीड फूट वर घेतला.

दुसरी अडचण वडिलांच्या हातात होती. अकरा पावलांवरून ते चेंडू टाकायला लागले तेव्हा कोपर सरळ ठेवून, गोलंदाजासारखा हात फिरवून टाकत होते. चेंडू मंद यायचा आणि टप्पा घ्यायचा.

"आजोबा, टाकू नका. फेका."

"फेकू?" ते थांबले. "फेकी करूचंय माका?"

"हो."

"शिल्डच्या मॅचमध्ये एका बोलरची मी अंपायराकडे कम्प्लेंट केलेली. हात वाकवता म्हणून. तेका बंद केल्यानी बोलिंग. आणि आता तू माका फेकूक सांगतंस?"

"कव्हरवरून स्टंपावर फेकायचात ना? तसंच."

त्यांनी चेंडू हातात दोनदा उडवला. मग अर्धं पाऊल मागे घेतलं आणि फेकला. चेंडू सपाट आला आणि लाल चौकटीच्या मधोमध पडद्यावर आपटला. मुलीने बॅट हलवलीसुद्धा नव्हती.

"दिसलो?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"हात दिसलो काय, म्हणतंय."

"तोही नाही."

"मगे परत."

मी मोबाइलवर चित्रण करून वेळ काढली. हातातून सुटल्यापासून पडद्यापर्यंत अर्धा सेकंद आणि वर थोडा. खऱ्या मैदानावर गोलंदाज लांब उभी असते, तिचा वेग जास्त असतो, पण फलंदाजाला मिळणारा वेळ जवळपास एवढाच. तेवढ्या वेळात बघायचं, ठरवायचं आणि मारायचं किंवा सोडायचं.

खांदा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, म्हणून दिवसाला तीस फेकी असं ठरलं. मोजायचं काम मावशींकडे गेलं. त्या आपल्या दारात सुपात मिरच्या घेऊन देठ काढत बसायच्या, आणि प्रत्येक फेकीला एक मिरची बाजूला ठेवायच्या. पडदा त्यांच्या दारातून समोर दिसायचा, त्यामुळे दोन-तीन दिवसांत पंचाचं कामही त्यांच्याकडेच आलं. मुलीने सोडलेला चेंडू पडद्यावर कुठे आपटला ते बघून त्या दोनच शब्द वापरायच्या.

"भायेर."

"आत."

"मावशी, हा आत नव्हता. दोऱ्याच्या बाहेर होता."

"दोरो मी घातलंय. आत होतो. मारलंस कित्याक नाय?"

"शिंक आली."

"शिंक बॉल बघून येता काय तुका?"

शिंका खऱ्या होत्या. कोपऱ्यात मिरच्यांची पोती असायची आणि सकाळच्या दमट हवेत त्यांचा वास चौकात साचून राहायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती नाकाला रुमाल बांधून खेळायला लागली. वडिलांना त्याचा काहीच त्रास नव्हता.

त्यांच्यातला बदल मला हळूहळू दिसला. सुरुवातीला ते नातीला सोपं जावं म्हणून सगळे चेंडू चौकटीत फेकत. मग एक दिवस त्यांनी दोन आत फेकले आणि तिसरा हातभर बाहेर. तिने बॅट फिरवली, हुकली.

"भायेर," मावशी म्हणाल्या.

"गावलंस," वडील म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानंतर ते तिला रोज फसवायला लागले. कधी पाय आधी टाकून हात उशिरा सोडायचे. कधी वर बघून खाली फेकायचे. ती फसली की मावशींकडे बघून मान हलवायचे, आणि ती नाही फसली की "इली बघ, इली अक्कल," असं स्वतःशीच म्हणायचे.

"तीस झाल्यो, भाऊ. हात खाली," मावशी सांगायच्या.

"अठ्ठावीस."

"मिरच्यो मोजूया?"

मिरच्या कधी मोजल्या गेल्या नाहीत. मग मुलगी खराटा घ्यायची, मी चेंडू गोळा करायचे आणि वडील जाळी सोडायचे. आठला चौक रिकामा व्हायचा.

मी याही दिवसांचे आकडे लिहून ठेवले, पण आता दोन रकान्यांत. मारायला हवे होते ते किती मारले. सोडायला हवे होते ते किती सोडले. पहिल्या रकान्यातला आकडा परळच्या पिंजऱ्यातल्यापेक्षा कायम खाली राहिला. दुसरा रकाना शून्यावर सुरू झाला. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या दहापैकी दोन सोडले जात. शेवटच्या आठवड्यात सात. सात म्हणजे पुरेसे आहेत की नाहीत, हे सांगायला माझ्याकडे काही आधार नव्हता.

परळला ती मधून एक-दोनदा गेली, जोर राहावा म्हणून. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "काय मॅडम, सुट्टीवर होतात?" आणि न विचारता फुलटॉस लावले. पाचवा चेंडू जरा बाहेरून आला, यंत्रात चेंडू अडकला असावा. तिने तो सोडला. "अरे, तो का सोडला?" त्याने विचारलं. "बाहेर होता," ती म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं.

चाचणीच्या रविवारी वडील आले. मावशींना मिरच्या सोडून येता येईना, त्यांनी निरोप पाठवला, "कापडाची आठवण कर." मैदानाच्या कडेला झाडाखाली पालकांसाठी बाक होते, तिथे आम्ही बसलो. निवड करणारे तिघे, हातात तक्ते. गोलंदाज दोघी, दोघी वरच्या संघातल्या. प्रत्येकीला पंधरा चेंडू, मागच्या वर्षीसारखेच.

आमच्या मुलीचा नंबर अकरावा होता. ती उभी राहिली तेव्हा वडील पुढे सरकून बसले. ते तिच्याकडे बघत नव्हते, गोलंदाजाकडे बघत होते.

पहिला चेंडू आला. तिने सोडला. चेंडू बाहेर होता. तक्तेवाल्या तिघांपैकी एकाने काहीतरी लिहिलं.

दुसरा तिने मारला, तो डावीकडे जमिनीलगत गेला. तिसऱ्यावर बॅट हुकली. चौथा सोडला.

"आत होतो," वडील हळूच म्हणाले. पंचानेही तेच सांगितलं. तिने मान हलवली आणि पाय पुन्हा नीट रोवले.

मग गोलंदाजाने दोन चौकटीतले टाकले. एक मागे उडाला, दुसरा सरळ वरून गोलंदाजाच्या मागे खूप लांब गेला. दादरच्या सरांनी त्याला कॅच म्हटलं असतं. त्याच्या खाली कुणी पोचलं नाही. त्यानंतरच्या चेंडूची मी वाट बघत होते, कारण आत, आत आणि मग बाहेर, हे मला आता पाठ झालं होतं. वडिलांनी गुडघ्यावरची बोटं आवळली. चेंडू हातातून सुटायच्या आधी ते म्हणाले, "भायेर."

तिने बॅट खांद्यावरून हलवली नाही. चेंडू हातभर बाहेरून गेला.

पंधरापैकी तिने पाच सोडले, चार बरोबर, एक चुकीचा. दहा खेळले, सहा लागले. त्यातले दोन लांब. हे माझे आकडे आहेत. तक्त्यांवर काय होतं ते मला माहीत नाही.

यादी तिथेच, दुपारी एकच्या सुमाराला वाचली. वाचणारा माणूस आडनावं सावकाश वाचत होता, एका नावापाशी अडखळला, चष्मा पुसून पुन्हा सुरू झाला. दहा झाली, बारा झाली. मुलगी बाकाच्या मागे उभी होती, बॅटची मूठ दोन्ही हातांत. तिचं आडनाव चौदावं आलं.

तिने बॅट खाली ठेवली. वडिलांनी मागे न बघता विचारलं, "किती सोडलंस?"

"पाच."

"एक आतलो होतो."

"माहितीय, आजोबा."

"चार बरे सोडलंस." मग ते उठले आणि प्यायला पाणी कुठे मिळतं ते विचारायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मी शोधायला गेले तर ते त्या दोघी गोलंदाजांपैकी एकीशी बोलत होते, आणि ती त्यांना चेंडू कसा धरते ते दाखवत होती.

संघाचं शिबिर लगेच सुरू झालं, रोज मैदानावर. चौकात सराव करायची गरज उरली नाही. सोमवारी सकाळी आम्ही दोघी लालबागला गेलो, पडदा उतरवला, झटकला आणि मावशींना दिला. त्यांनी तो एकदा पाण्यातून काढला, पिळला आणि साडेआठला ऊन उतरल्यावर चौकात पसरून चारही टोकांवर विटा ठेवल्या. मांजरपाट धुऊन जरा आटलं होतं. लाल दोरा तसाच होता.

कापड कोरडं झाल्यावर मावशींनी बेडगीचं पोतं उघडलं आणि मिरच्या आधी चौकटीत पसरल्या, मग चौकट भरली तसं बाहेर. वडील दारात खुर्ची टाकून बसले होते, उजव्या खांद्याला मुलीने आणलेलं मलम लावून. मुलगी मिरच्या पसरायला बसली आणि दुसऱ्याच मिनिटाला शिंकली. तिच्या हातातली एक मिरची कापडाच्या कडेवरून फरशीवर गेली.

"भायेर," वडील म्हणाले.

मावशींनी ती उचलली, पदराला पुसली आणि चौकटीत टाकली.